एकशे साडेशहात्तर मीटरची काठी

मोगन चेट्टी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता आणि काटा मारत नव्हता. त्यामुळे टोंगाट गावात त्याला मान होता आणि मित्र नव्हते. ट्रकवाले त्याला चहा पाजत नसत, कारण उपयोग नव्हता. ऊसवाले पाजत नसत, कारण गरज नव्हती.

ऑगस्टमध्ये त्याचे वडील नाडेसन वारले. मागे त्यांनी एक घर, भाताचं एक भलंमोठं पातेलं आणि किनाऱ्यावरची एक जागा ठेवली. घराला कागद होते. पातेलं आईने घेतलं. जागेचं मात्र अवघड होतं.

जागा म्हणजे चौथ्या जिन्याखाली, वाळूत अर्ध्या गाडल्या गेलेल्या सिमेंटच्या पाइपाशेजारची दोन पावलं वाळू. शॅड मासा किनाऱ्याला लागला की तिथे पंचवीस-तीस माणसं खांद्याला खांदा लावून गरवायला उभी राहतात. त्या ओळीत कोणी कुठे उभं राहायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. नगरपालिकेला याचा पत्ता नाही, आणि मोडायची कुणाची छाती नाही. नाडेसन पाइपाजवळ एक्केचाळीस वर्षं उभे होते. माणूस गेला की त्याच्या मुलाला जागेवर हक्क सांगता येतो, पण एकदाच, आणि तोही शॅडची बंदी उठते त्या दिवशी, एक डिसेंबरच्या पहाटे. गरवायची काठी स्वतःची आणायची. बापाच्या काठीने बापाची जागा मिळत नाही. तीन वेळा फेकायचं. एकदा तरी दोरीच्या टोकाचं शिसं समोरच्या, पाण्याखालच्या वाळूच्या बांधापलीकडे पडलं पाहिजे. फेकणाऱ्याने 'पडलं' म्हणायचं आणि ओळीने मान डोलवायची. नाही पडलं, तर जागा उजवीकडच्या माणसाला.

उजवीकडचा माणूस किस्टा. सोळाव्या दिवसाच्या विधीला तो डेगभर बीन्सची भाजी घेऊन आला, मोगनच्या आईपाशी मनसोक्त रडला आणि जाताना मोगनला म्हणाला, "पाइपाजवळ जरा सपाट आहे. माझ्या गुडघ्याला बरं."

मोगनला मासे विशेष आवडत नसत. पण बापाशी त्याचं आयुष्यात जेवढं बोलणं झालं तेवढं त्या पाइपाशी झालं होतं. घरात नाडेसन पेपर वाचत. किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड केलं की त्यांना कंठ फुटायचा. "गळाला तारली नीट बांध" पासून "तुझी आई चांगली बाई आहे" पर्यंत सगळं त्यांनी तिथेच सांगितलं होतं, मोगनकडे एकदाही न बघता. त्या दोन पावलांवर किस्टाचा गुडघा, ही कल्पना मोगनला सोसेना.

म्हणून सप्टेंबरच्या मोठ्या ओहोटीला तो कारखान्याची टेप घेऊन छातीभर पाण्यात चालत गेला. दुसरं टोक पाइपावर धरून त्याची बायको लोगी उभी होती आणि ओळखीचं कुणी बघत नाहीये ना, हे बघत होती. पाइपापासून बांधाच्या पाठीपर्यंत अंतर भरलं सव्वा अठ्ठ्याऐंशी मीटर. ओळीच्या मते बांध एकशे तीसवर होता. एकमताने. मग शाळेच्या मैदानावर जाऊन मोगनने स्वतःची फेक मोजली. बासष्ट. मधले सव्वासव्वीस मीटर आता कुठल्यातरी काठीनेच भरून काढायचे होते.

काठ्या सबापती अंकल बांधायचे. बंदीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्र ओस पडतो आणि त्यांचं गॅरेज भरतं. त्या गॅरेजमध्ये गाडी अशी कधी लागलीच नव्हती. छताला कोऱ्या काठ्या टांगलेल्या, भिंतीवर दोऱ्यांची रिळं, बरण्यांमध्ये कड्या आणि एका कोपऱ्यात शिलाई मशीनच्या मोटरवर एक काठी स्वतःभोवती सावकाश फिरत राळ वाळवत असलेली. ओळीतल्या बहुतेक काठ्या त्यांच्याच हातच्या, त्यामुळे ओळीचे पंचही तेच.

"बस, तंबी," ते म्हणाले आणि वही उघडली. "किती फेकतोस?"

"बासष्ट मीटर."

सबापतींनी एकतीस लिहिलं.

"अंकल, बासष्ट."

"ऐकलं की."

"एकतीस लिहिलंत."

"सगळ्यांचं निम्मंच लिहितो. तुझ्यावर राग नाही." त्यांनी पेन कानामागे खोचलं. "किस्टा दीडशे सांगतो. मी त्याला पंच्याहत्तरची काठी दिली. खूश आहे. दीडशेची दिली असती तर खांदा काठीबरोबर समुद्रात गेला असता."

"मी टेपने मोजलंय."

"सगळेच टेपने मोजतात. शिसं किती औंसाचं बांधतोस?"

"पाच."

"अडीच. किती वर्षं गरवतोस?"

"सोळा."

"आठ. सगळ्यात मोठा शॅड?"

"दोन किलो शंभर ग्रॅम."

"किलोभर. वजन किती तुझं?"

"अडुसष्ट."

सबापतींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाइलाजाने अडुसष्टच लिहिलं. "मुलं?"

"एक मुलगी."

पेन क्षणभर अडखळलं. "ते असू दे," सबापती म्हणाले.

मग त्यांनी एकतीस मीटरच्या माणसाला साजेशी काठी निवडायला घेतली. छतावरून एक कोरी काठी काढली, ती हातात घेताच शेंडा आपणहून खाली वाकला, सुनेने सासऱ्याला पाहून वाकावं तसा. बुंधा आखूड. कड्या बारीक आणि भरपूर, म्हणजे दोरी बाबापुता करत शेंड्यापर्यंत जाईल. रिळाची बैठक उंचावर, छातीशी, म्हणजे वाकावं लागणार नाही. मूठ बुचाच्या लाकडाची.

"हातात कशी ऊबदार वाटते बघ. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना मी हीच देतो."

"अंकल, याने बांधापलीकडे जाईल?"

"तंबी, एकतीसवाल्याने बांधाकडे बघायचंच कशाला?"

मोगन घरी आला आणि जेवायला बसला तो नुसता बसलाच. लोगी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायची. पन्नाशीच्या बायका एक्केचाळीस सांगतात, दारूवाले 'कधीमधी' सांगतात आणि डॉक्टरला खरं कळण्यासाठी कुठे किती मिळवायचं, हे तिला पाठ होतं.

"मग दुप्पट सांग ना," ती म्हणाली.

"ते खोटं होईल."

"तो निम्मं करतो. तू दुप्पट कर. खाली काय उरलं?"

"आहे तेवढंच."

"मग खोटं कुठे गेलं? भात घे."

हिशेब बरोबर होता. चुकीच्या हिशेबाला मोगन कधी फसला नसता. हा बरोबर होता, म्हणून फसला.

"तुला हवंय किती?"

"सव्वा अठ्ठ्याऐंशी."

"मग जाऊन सरळ एकशे ऐंशी सांग."

"एकशे ऐंशी कशाला? एकशे साडेशहात्तर लागतात."

लोगीने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. तिने आमटी वाढली.

दुसऱ्या शनिवारी तो पुन्हा गॅरेजमध्ये उभा राहिला. सबापती एका काठीवर जांभळा दोरा गुंडाळत होते.

"अंकल, त्या दिवशी आकडा चुकला. माझी फेक एकशे साडेशहात्तर मीटर आहे."

दोरा थांबला.

सबापतींनी चष्मा वर केला. बत्तीस वर्षांत त्यांनी दीडशे ऐकले होते, एकशे ऐंशी ऐकले होते, एकाने तर दोनशे सांगितले होते, आणि त्याला ते काठीबरोबर पोटऱ्यांना बांधायच्या पट्ट्याही देत असत. पण साडे कुणी सांगितलं नव्हतं.

"साडे?" त्यांनी हळू विचारलं.

"साडेशहात्तर. एकशे."

"थापाड्या कधी अर्ध्यावर थांबत नाही," सबापती स्वतःशीच म्हणाले. "थाप गोल असते. पोरा, तू खरं बोलतोयस."

त्यांनी वहीत एकशे साडेशहात्तर लिहिलं. निम्मं न करता.

मोगनने वहीकडे हात केला. "अंकल, निम्मं करा ना."

"अजिबात नाही."

"खरं म्हणजे बासष्टच—"

"वाटलंच मला. नाडेसनचा मुलगा, आणि बासष्ट? तेव्हाच म्हटलं, हा दडवतोय. विनय आहे. बाप असाच होता." सबापतींनी डोळे पुसले. ते राळेमुळेही असेल.

मग शिडी आली. छताच्या अगदी आतून, जिथे हात घालायला कुणाला परवानगी नव्हती, तिथून त्यांनी एक काळी कोरी काठी उतरवली. योग्य माणसाची वाट बघत ती नऊ वर्षं तिथे पडून होती. मधली तीन वर्षं सबापतींच्या बायकोने तिच्यावर टॉवेल वाळवले होते, आणि ती तसूभरही वाकली नव्हती.

प्रत्येक काठीला एक कणा असतो. काठी वाकवून बोटांवर फिरवली की एका बाजूला ती आपणहून येऊन बसते. ती बाजू सापडली की कड्या त्या रेषेत बांधायच्या. सबापतींनी शेंडा जमिनीला टेकवून काठी दाबली. काठी वाकली नाही. त्यांनी मोगनला बरोबर घेऊन दाबली. मग जावयाला हाक मारली. तिघांनी दाबली. शेवटी शेजाऱ्याच्या बकीखाली, म्हणजे पिकअप गाडीखाली, शेंडा अडकवून तिघंही बुंध्यावर लटकले, तेव्हा कुठे आत काहीतरी कुरकुरलं.

"कणा सापडला," सबापती समाधानाने म्हणाले.

"अंकल, तो बकीचा आवाज होता," जावई म्हणाला. त्याला चहा आणायला पाठवण्यात आलं.

पुढचं सगळं त्या एका आकड्यावरून ठरत गेलं. कड्या मोठ्या, सहाच, जाड पायांच्या. "बारीक कडी या वेगाला तापेल." रिळाची बैठक खाली, जवळजवळ बुंध्याच्या टोकाला, घोट्याएवढ्या जाडीची. बुंधा मोगनच्या काखेपासून मुठीपर्यंत मोजला, मग दोन बोटं वाढवला, कारण एवढं फेकणाऱ्याचा हात अजून वाढेल. मूठ गुळगुळीत नको, सायकलच्या ट्यूबची हवी, नाहीतर काठीच हातातून निघून जाईल. प्रत्येक सुट्या भागापाशी मोगन म्हणायचा, "जरा हलकं काही?" आणि सबापती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आता लपवू नको."

फक्त दोऱ्याचा रंग त्यांनी त्याला निवडू दिला. मोगनने करडा निवडला.

नोव्हेंबरभर तो मैदानावर जात राहिला. पहिल्या दिवशी बावीस मीटर. काठी वाकत नाही म्हणजे फेकत नाही. खांबाला दगड बांधून खांब हलवण्यासारखं ते होतं. मोगन रोज मोजायचा आणि रोज लिहायचा. महिनाअखेरीस अठ्ठावन्न. म्हणजे नव्या काठीने तो चार मीटर मागे आला होता. लोगी रात्री त्याच्या खांद्याला तेल चोळायची.

"ओळीत कोण मोजणार आहे?" ती शेवटी म्हणाली. "तू म्हण, पडलं. सगळे म्हणतात."

"किस्टाने ओळीच्या माना फिरवल्यात. महिनाभर सामोसे वाटतोय."

"आणि नसत्या फिरवल्या तर म्हणाला असतास?"

मोगनने दुसरा खांदा पुढे केला.

एक डिसेंबर. उजाडायच्या आधीच ओळ उभी होती. उजाडताच शिशाचे पंचवीस गोळे एकदम आकाशात गेले आणि प्रत्येकाने आपापला आकडा जाहीर केला. "एकशे चाळीस." "एकशे पस्तीस, वारा आहे." किस्टा म्हणाला, "दीडशे," आणि पाइपाकडे अर्धं पाऊल सरकला.

मग सबापतींनी हात वर केला. "नाडेसनचा मोगन. तीन वेळा."

मोगन पाइपाशी आला. काठी पाहून ओळीत कुजबुज झाली. एकाने विचारलं की हिला तंबू लागतो का. मोगनने रिळावरच्या दोरीला दर दहा मीटरवर शाईची खूण केली होती; हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्यांदा शिसं चौतीसवर पडलं. किस्टा सहानुभूतीने खोकला.

दुसऱ्यांदा एकसष्ट. किस्टाने आपली पिशवी उचलून पाइपावर ठेवली.

ती पिशवी मोगनने पाहिली. तीत सामोशांचा डबा होता आणि बसायची उशी होती. तिसऱ्यांदा त्याने फेकलं नाही; त्याने स्वतःला फेकलं. पाय, पाठ, दुखरा खांदा, कारखान्यात न घेतलेले सगळे चहा, जे होतं ते त्याने त्या बुंध्याला लटकवलं, आणि काठी पहिल्यांदाच वाकली, एखादा बडा साहेब नमस्काराला वाकतो तेवढी. मोगन वाळूत तोंडावर पडला. शिसं गेलं.

तो उठला तेव्हा रीळ थांबलं होतं. आठ खुणा गेल्या होत्या, आणि वर थोडं. समोर बांधावर फेस फुटत होता. फेसाच्या अलीकडे, थोडंसंच अलीकडे, पाण्यावर एक वर्तुळ पसरत होतं.

"आत पडलं," किस्टा म्हणाला.

"हो," मोगन म्हणाला. "आत पडलं. सव्वापाच मीटर कमी."

सबापतींनी कपाळाला हात लावला. हक्क सांगायला आलेला माणूस स्वतःच 'नाही' म्हणतो, हे ओळीने कधी पाहिलं नव्हतं. किस्टाला तर एवढं सोपं जाईल अशी अपेक्षाच नव्हती. तो उदार झाला. "पण जोर लावलास हां. किती गेलं असेल?"

"त्र्याऐंशी."

"त्र्याऐंशी." किस्टा ओळीकडे वळून हसला. "नाडेसनच्या मुलाचं त्र्याऐंशी. आमचं दीडशे."

"अण्णा, तुमचं माझ्या मागे पडलंय," मोगन म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. ट्रकमध्ये किती ऊस आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं. पण सगळ्यांनी पाहिलं. किस्टाची दोरी पाण्यात शिरत होती ती जागा आणि मोगनचं वर्तुळ, यांत एक ट्रक उभा राहिला असता.

"तुमचं एकाहत्तर असेल. त्या पलीकडच्यांचं अडुसष्ट. अंकल, बांध सव्वा अठ्ठ्याऐंशीवर आहे. मी टेपने मोजलाय. एकशे तीसवर काही नाही, नुसतं पाणी आहे."

पंचवीस माणसं आपापल्या दोरीकडे बघू लागली आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एक साधी वजाबाकी सरकत गेली. आत पडलं तर सगळ्यांचंच आत पडलं होतं, आज, काल आणि गेली कित्येक वर्षं. सबापती दूरवर एका जहाजाकडे फार लक्षपूर्वक पाहत होते. या ओळीतलं कुणी बांधापर्यंत पोहोचत नाही, हे या किनाऱ्यावर फक्त त्यांना ठाऊक होतं. काठ्या त्यांनीच बांधल्या होत्या.

किस्टाचा चेहरा लाल झाला. "आणि तुझा बाप? एक्केचाळीस वर्षं इथे उभा राहून एकशे साठ सांगायचा. तो काय खोटं बोलायचा?"

मोगनला तोही आकडा माहीत होता. ऑगस्टमध्ये त्याने वडिलांचं रीळ उलगडलं होतं. वरची दोरी उन्हाने पांढरी पडली होती, आणि जिथून पुढे ती कधी रिळाबाहेर आलीच नव्हती तिथून हिरवीगार, नव्यासारखी. पांढरी दोरी त्याने मोजली होती. एकोणसत्तर मीटर. ते त्याने लोगीलाही सांगितलं नव्हतं.

त्याने पाइपाकडे पाहिलं. वजनकाट्यावर अकरा वर्षं झाली होती. आकडा समोर असताना तो बोलला नाही असं कधी झालं नव्हतं.

"बाबांचं पलीकडे जायचं," मोगन म्हणाला.

"नक्की?" सबापतींनी लगेच जहाज सोडलं.

"नक्की."

"मग ऐका. नाडेसनचं पलीकडे जायचं. किस्टा, तुझंही जातं?"

"म्हणजे काय, जातंच," किस्टा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

"किस्टाचं पलीकडे, आणि या पोराचं किस्टाच्या पुढे. मग याचं कुठे पडलं ते ओळीने सांगावं."

ओळीने मान डोलवली. इतक्या घाईने ती कधी डोललेली नव्हती. किस्टाची मान सर्वांत शेवटी हलली आणि ती हलताना दुखते आहे असं वाटलं. त्याने पाइपावरून पिशवी उचलली.

सबापती मोगनच्या कानाशी आले. "जागा तुझी. त्या दोरीवरच्या खुणा पुसून टाक. आणि टेप किनाऱ्यावर आणायची नाही. कधीच."

"पण अंकल, बांध—"

"एकशे तीसवर आहे," सबापती म्हणाले. "बापाच्या जागेवर उभं राहायचंय ना?"

मोगन उभा राहिला. पायाखाली खरंच सपाट होतं. ओळीने पुन्हा शिसं फेकलं. शॅड नेहमीप्रमाणे चाळीस मीटरवर, सगळ्यांच्या दोऱ्यांखालून, निवांत फिरत होते.

आठवडाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही. मग एका सकाळी किस्टाने फेकलं, रीळ थांबवलं, आणि आकडा जाहीर न करता थोडा वेळ घुटमळला. ओळीतले चार-पाच जण वळले.

"मोगन," किस्टा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "तू बघ जरा. हे किती गेलं असेल?"

मोगनने पाहिलं. सदुसष्ट. वारा मागून होता, नाहीतर पासष्ट.

"एकशे त्रेपन्न," तो म्हणाला.

किस्टाने सावकाश श्वास सोडला. "त्रेपन्न," त्याने शेजारच्याला सांगितलं. शेजारच्याने आपलं रीळ घाईघाईने गुंडाळायला घेतलं.

"आता माझं बघ," तो म्हणाला.